पुणे–जयपूर, दोन तास
जयपूरच्या विमानात शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. मांडीवर दशम्यांचा भलामोठा डबा.

"दोन तासांच्या प्रवासाला एवढं?" मी हसलो.

"शेजारच्या वहिनींनी दिला. त्यांना वाटलं, नेहमीसारखा गाडीनंच निघालोय."

डबा त्यांनी उघडला नाही. विमान उतरू लागलं तेव्हा हळूच म्हणाले, "इथं जयपुरातच, दुर्गापुऱ्याला धाकटा भाऊ होता. पहाटे गेला. माझ्यासाठी थांबलेत सगळे. गाडीत अख्खा दिवस मिळतो हो, रडून सावरून उतरता येतं. दोन तासांत कसली तयारी होणार?"

माझं मघाचं हसू मलाच टोचलं.

सामानाच्या पट्ट्यावर त्यांची बॅग समोर आली. मी उचलायला वाकलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. अजून एक फेरी होऊ दे तिची."