पत्रकातली राहून गेलेली ओळ

ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला मी नवा फौजदार होतो.

सकाळची हजेरी चालू असताना उल्हासनगरची एक सिंधी बाई ठाण्यात आली. तिचा जीन्स शिवायचा कारखाना होता. शिलाईला येणारी अंबरनाथची मुलगी वीस दिवस आली नव्हती.

"बाप बोलता है गावाला गेली. गाव गई तो चप्पल दरवाजे पे कैसे? एकच जोडी आहे तिची, मैंने ही दिलाई."

अंमलदार हसला. "पळून गेली असेल, मावशी."

"नंगे पाँव भागी क्या?"

डायरीत नोंद करून मी बापाला बोलावलं. माझ्याच समाजाचा, बौद्ध वस्तीतला, एमआयडीसीतला कामगार. पाळी संपवून सरळ आला, ताठ बसला.

"मुलगी कुठाय?"

"गावाला."

"कुठल्या गाडीनं गेली? सोबत कोण होतं?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस तपशिलात अडकतो. तो अडकला. मला खुनाचा संशय आला.

महिला शिपाई आणि बापाला सोबत घेऊन त्याच्या घरी गेलो. आतल्या खोलीला कुलूप होतं. मुलगी जिवंत होती. भिंतीकडे तोंड करून विनवत होती, "जाते ना, जाते. ओरडू नका." खोलीत कुणीच ओरडत नव्हतं.

मी मात्र ओरडलो. "पोटच्या पोरीला डांबून ठेवता? गुन्हा आहे हा! आपल्या समाजात शोभतं हे?"

"समाजाचंच सांगतो, साहेब," बाप म्हणाला. "आम्ही देव सोडले. ही अशी बडबडायला लागली, तर शेजारची म्हातारी म्हणते, सोडलेली देवी पोरीला धरून बसली. भगताकडे नेली तर आपलेच लोक थुंकतील. वेड्यांच्या दवाखान्यात नेली तर लग्न कोण करील?"

मग त्यानं ट्रंकेतून घडी घातलेला कागद काढला. "हे तुम्हीच वाटत होता ना? नोकरी लागायच्या आधी, शिवमंदिराच्या रस्त्यावर?"

अंधश्रद्धेविरुद्धचं ते पत्रक माझंच होतं. मजकूरही माझा. भगत नको, अंगारा नको, गंडा नको.

"नको तर नको. तुमचं ऐकलं. मग न्यायचं कुठं, ते लिहिलंच नाही तुम्ही."

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

गुन्हा दाखल केला असता तर बाप कोठडीत गेला असता आणि मुलगी पोलीस गाडीतून, सगळ्या वस्तीसमोर. मी वरिष्ठांशी बोललो. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत रिक्षा केली. मुलगी, तिची आई, आणि हट्टानं आलेली ती सिंधी बाई. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी येणाऱ्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी देवीचं नावही काढलं नाही. "झोप लागते का?" इतकंच विचारलं. मुलगी म्हणाली, "आवाज झोपू देत नाहीत." वीस दिवसांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. मधे दोनदा तब्येत बिघडली. पण चार-पाच महिन्यांनी ती चप्पल घालून कारखान्यात गेली. कुलूप बापानं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

लोकांना अडाणी म्हणणं सोपं असतं. मी तेच करत होतो. जुना दरवाजा बंद करायला लावणाऱ्यानं नवा दाखवायला हवा. मी पत्रक पुन्हा छापलं. तिन्ही 'नको' तसेच ठेवले. खाली ठळक ओळ घातली: 'मंगळवारी सरकारी दवाखान्यात या. सोबत आम्ही येतो.'

पहिल्या मंगळवारी मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. तो बाप आला. शेजारच्या त्याच म्हातारीला आणि तिच्या स्वतःशी पुटपुटणाऱ्या नातवाला घेऊन.