आईला दाखवलेला समुद्र

मंगरूळपीरच्या तहसिलीतले ते कारकून मला रोज भेटायचे. त्यांचं चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास आम्ही शेजारी रत्नागिरीला सहलीला गेलो, तेव्हा किल्ला, दीपगृह, बंदर सगळं त्यांनी आम्हाला धावतच दाखवलं. किनाऱ्यावर मात्र ते आपल्या आंधळ्या आईचा हात धरून, एकेक पाऊल टाकत घोटाभर पाण्यात गेले.

"समुद्र केवढा हाय रे?" तिनं विचारलं.

"आपल्या आसेगावच्या शिवाराहून लय मोठा, माय. शेवटच दिसत नाई."

"मंग कोणी पेरत काहून नाई?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी बोट पाण्यात बुडवून तिच्या जिभेला लावलं.

"अगं बाई, खारं हाय!" म्हणत म्हातारी खळखळून हसली, तेव्हा कुठे तेही हसले.