टाकीतला घास

मी चौथीपर्यंत शिकलो. चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

चिखल्याला आमच्या घरात काचेची मोठी टाकी आहे. आत खारं पाणी, दगड, दगडांवर जिवंत पोवळी आणि नारिंगी माशांची एक जोडी. आमच्यासारख्यांच्या घरात असली वस्तू नसते. बायको घोलवडच्या एका बंगल्यात कामाला होती. ते लोक परदेशी गेले, तेव्हा टाकी तिला देऊन गेले. टाकी त्यांची असली तरी जगवली तिनेच होती.

मी चिकूच्या वाडीत राबलेला माणूस. मी तिला हसायचो. "समुद्र दारात, आणि ही बाई पुड्यातलं मीठ कालवून घरात समुद्र करते."

"तुमच्या समुद्रात अख्ख्या गावाची घाण," ती म्हणायची. "माझ्यात नाही. हात लावू नका."

मासे उपाशी असताना ती जेवत नसे. आधी त्यांना चिमूटभर खाणं, मग आमची ताटं.

गेल्या थंडीत ती गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळं कबूल करून झालं, मुलीचं माहेर सांभाळीन म्हटलं, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. घरी आलो तर माशांची जोडी काचेला तोंड लावून उभी. मी समजलो, हिचा जीव इथे अडकलाय.

तेव्हापासून दोन्ही वेळा माझ्या ताटातला पहिला घास टाकीत. भात, कधी बोंबलाचा तुकडा. मासे झडप घालायचे. मला बरं वाटायचं.

दोन महिन्यांत दगडांवर शेवाळाचे हिरवे केस वाढले. पोवळी मिटली. वाडीत झाड पिवळं पडलं की आपण खत घालतो. मी घास मोठा केला.

मुलगी तलासरीला दिली आहे. ती आली, दारातच नाकाला पदर लावला.

"बाबा, ह्यात काय टाकतोस तू?"

"काही नाही."

"मला भात दिसतोय."

"तुझ्या आईच्या नावाचा आहे."

तिने वाकून टाकीचा तळ बघितला. मग म्हणाली, "आईने कधी भात टाकला होता? हे सगळं तळाला कुजतं, त्याच्यावर शेवाळ पोसतं. पोवळी गुदमरतायत. ती असती ना, तर तुलाच घराबाहेर काढलं असतं."

खरं होतं. टाकी मेली असती तर तिने जगवलेलं घरात काही उरलं नसतं. आणि मारणारा मी.

दोघांनी बोटांनी केस उपटले. दगड जुन्या टूथब्रशने घासले. नळीने तळाचा गाळ ओढला. डहाणूहून मशीनचं शुद्ध पाणी आणलं, मुलीने आईसारखंच मीठ मोजून कालवलं. मग टाकीवरचा दिवा बंद करून तीन दिवस टाकी चादरीने झाकायची होती, उजेड नसला की शेवाळ मरतं म्हणून. चादर टाकली आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. असं झाकलेलं मी गेल्या थंडीत एकदा बघितलं होतं.

खाणं एक दिवसाआड, तेही डबीतलं, चिमूटभर. सगळ्यात अवघड ते होतं. ताट घेऊन बसलो की दोन्ही मासे काचेशी यायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून जेवायला शिकलो.

निम्मी पोवळी पांढरी पडून गेली. ती मी मारली, दुसरं काय म्हणू. एक जांभळं मात्र पंधरा दिवसांनी जरा उघडलं. मुलीला फोन केला तर म्हणाली, "बघ, पण हात लावू नकोस."

आता बायकोच्या नावाचा घास कुंपणाच्या भिंतीवर ठेवतो. कोण खातं ते बघायला थांबत नाही. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात शेवाळ अजून येतं. ते दर रविवारी काढतो.