नाडगौडाची सावली

जेवून डाव्या कुशीवर आडवं झालं, की मला उत्पलाचं पत्र आठवतं. ते होळीच्या आधी आलं. आता बाजारात आंबे आले, तरी मी उत्तर दिलेलं नाही. पत्र तिच्या पुस्तकाच्या बाडावर ठेवलंय, बाड खुर्चीवर आहे आणि खुर्ची बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येते. कूस बदलावी म्हटलं तर डॉक्टरांनी डावीच सांगितलीय.

उत्पला ही विश्वंभर नाडगौडाची मुलगी. नाडगौडा आमच्या मिरजेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि माझा जन्माचा मित्र. गेल्या पावसाळ्यात तो गेला. तिनं त्याच्यावर पुस्तक लिहिलंय. वर्षश्राद्धाला ते निघावं असं तिच्या मनात आहे. झेरॉक्स प्रत पाठवून तिनं लिहिलंय, ‘छापखान्यात देण्याआधी तुम्ही वाचा, काका. चुकलं असेल ते सांगा. बाबा म्हणायचे, शिनू लाजाळू आहे, पण खोटं बोलत नाही.’

मी बाड दोनदा वाचलं. मग उत्तर लिहायला बसलो आणि ‘चि. उत्पलास अनेक आशीर्वाद’ याच्यापुढे सरकलो नाही. पुस्तक जमलेलं नाही असं मला वाटतं. पण मला वाटतं ते बरोबर असेल याची खात्री मला उभ्या आयुष्यात कधी वाटलेली नाही. मी दोन कथासंग्रह लिहिलेला माणूस, तेही लोक विसरले. बाप गेलेल्या मुलीला सांगणारा मी कोण?

आज मी पेन्सिल घेतलीय आणि बाड छातीवर ठेवलंय. उत्तर नाही तर निदान खुणा करू. पंखा फिरतो. गल्लीत सतारीच्या दुकानात कुणीतरी एकच तार पिळतंय. सूर चढतो, अजून चढतो, लागत नाही.

“भोपळाच कच्चा आहे, सूर कसला लागतोय,” कुणीतरी म्हणतं.

नाडगौडा दारात उभा आहे. अंगात तोच खादीचा झब्बा, खिशाला शाई लागलेला. तो गेलेला आहे हे मला माहीत आहे, आणि अशा माणसाला उभं ठेवणं बरं नाही असंही मला वाटतंय.

“बस की.”

“बसत नाही. हे वाचलंस?”

बाड त्याच्या हातात आहे. माझ्या छातीवरचं वजन केव्हा कमी झालं मला कळलं नाही.

“वाचलं.”

“मग हा माणूस कोण, सांग बघू.”

“कुठला?”

“हा ह्यातला. प्रसन्न, तेजस्वी, ऋषितुल्य. आमच्याच घरात राहायचा म्हणे. मला कधी दिसला नाही तो.”

मला हसू येतं. तो हसत नाही. मी चष्मा शोधायला हात लांब करतो तर हाताला बाक लागतो. शाळेचा ड्रॉइंगचा वर्ग आहे. पुढे स्टुलावर तांब्या आणि अर्धा कापलेला भोपळा मांडलाय. बाकांवर मुलं नाहीत, प्रत्येक बाकावर माझीच एकेक कथा उघडी पडलीय आणि नाडगौडा मागे हात बांधून रांगांतून फिरतोय.

“सावली कुठंय?” तो एका बाकाशी थांबून विचारतो.

जन्मभर त्यानं हेच विचारलं. पोरांना विचारलं, मला विचारलं. ‘ही तुझ्या कथेतली वहिनी नुसती चांगलीच कशी रे? हिची सावली कुठंय?’ मला राग यायचा. मी आठ-आठ दिवस त्याच्या घराकडे फिरकायचो नाही. मग गुपचूप त्या वहिनीला जरा हिशेबी, जरा चिडकी करून बघायचो आणि ती कागदावर चालायला लागायची. तो समासात पेन्सिलनं तिरक्या रेघा ओढून ठेवायचा, बस्स. डावखुरा होता, त्यामुळं त्याच्या रेघा सगळ्या जगाच्या उलट्या कलायच्या. एक शब्दही तो स्वतः लिहायचा नाही.

खिडकीतून ऊन येतंय. तांब्याची सावली पडलीय, भोपळ्याची पडलीय. माझी भिंतीवर पडलीय, पाठीत वाकलेली. नाडगौडा उन्हात उभा आहे आणि त्याच्या पायाशी फरशी लख्ख मोकळी आहे.

मी नजर वळवतो.

“बघ, बघ. लाजतोस काय? पोरीनं खोडलीय. रबरानं, हळूहळू. फार प्रेमानं.”

“तिला तुझी आठवण येते, विश्वंभर.”

“येऊ दे की. पण तिला आठवतोय तो कोण? तो छापून आला की मग मी कुठं जाऊ?”

त्याचा आवाज असा मी कधी ऐकलेला नाही. मी त्याचा हात धरायला पुढे होतो आणि पायाखाली वाळू लागते. कृष्णेचा घाट आहे, पाणी खूप लांब गेलंय. बाडाची पानं वाळूवर पसरलीयत, वाळत घातलेल्या पापडांसारखी. प्रत्येकावर एकेक गोटा ठेवलाय. नाडगौडा उकिडवा बसून गोटे उचलतो, पान वाचतो, पुन्हा गोटा ठेवतो.

“हे ऐक. ‘शिनूकाकांच्या लेखनावर बाबांचं अतिशय प्रेम होतं.’ हे कुणी सांगितलं हिला?”

मी वाळूकडे बघतो. ते पान मी दोनदाच वाचलेलं नाही. ते मी रोज वाचतो. उत्तर न लिहिण्याचं एक कारण ते पानही आहे. मी खरं लिहिलं आणि पुस्तक थांबलं, तर तेही थांबेल.

“खरं नाही का ते?” मी विचारतो. एवढ्याशा आवाजात, की नदी जवळ असती तर ऐकू गेलं नसतं.

“तिसरी कथा बरी होती. शेवट सोडून.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या वाचल्या ना मी?”

तो पुढचा गोटा उचलतो आणि त्याचा हात तिथेच राहतो. पानावर काय आहे ते मला माहीत आहे. उत्पला नववीत होती. तिचं चित्र जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेलं. खिडकीत बसलेलं मांजर. तिनं एवढंच लिहिलंय, ‘बाबांनी माझ्या चित्रावरून शेवटचा हात फिरवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं.’ त्याच्यानंतर पुस्तकात तिच्या चित्रांचा उल्लेख नाही. समारंभाला मी होतो. प्रशस्तिपत्र घेऊन ती खाली आली तेव्हा तिनं बापाकडे पाहिलं नव्हतं.

“मांजराखाली सावली नव्हती,” नाडगौडा म्हणतो. “ती शाळेला गेली होती. मला राहवेना. म्हटलं, एवढीशी तर द्यायचीय.”

“चांगली झाली होती.”

“फार चांगली झाली होती. तेच तर.” तो पान खाली ठेवतो, पण गोटा ठेवत नाही. “साऱ्या गावाच्या पोरांना नुसतं दाखवलं, अन् घरच्या पोरीचा हात धरून बाजूला केला. त्यानंतर तिनं ब्रश धरला नाही, शिनू. आणि लिहिताना ते एका ओळीत गुंडाळून ठेवलंय, मला लागू नये म्हणून.”

वारा सुटतो. बाकीची पानं गोट्यांखाली फडफडतात. ते एक पान उडायला बघतं आणि मी त्याच्यावर तळहात दाबतो.

“मी काय सांगू तिला?”

“कुठं आहे ते दाखव.”

“आणि तिला लागलं तर?”

“लागेल. पण तू हात फिरवू नको. मी फिरवला होता.”

“माझं चुकत असलं तर रे?”

तो उठतो. झब्ब्याची वाळू झटकतो. “तुझं नेहमीच चुकत असेल,” तो म्हणतो, “मग एवढी वर्षं मी तुला माझी चित्रं का दाखवत होतो?”

मी वर बघतो तेव्हा तार वाजते. सूर लागलेला नाही. गल्लीतलं दुकान आहे, पंखा आहे, उशीला घाम आहे. उन्हं खिडकीतून पलंगावर आलीयत. बाड पलंगाखाली पडलंय आणि एकच पान माझ्या तळहाताखाली आहे, दाबून धरल्यासारखं. मांजराचं पान. त्या एका वाक्याशेजारी समासात पेन्सिलच्या रेघा आहेत, दाट, सारख्या अंतराच्या. उलट्या कललेल्या.

मी उजव्या हातानं लिहिणारा माणूस. कुशीवर झोपलो असताना कागद तिरका झाला असेल, झोपेत हात चालला असेल. असेलही. मी पान उजेडाला धरून बराच वेळ बघतो. करंगळीच्या बाजूला शिसं लागलंय, पण कुठल्या हाताच्या ते इथं सांगत नाही. माझाच विश्वास बसत नाही.

तोंडावर पाणी मारून मी टेबलाशी बसतो.

‘चि. उत्पलास अनेक आशीर्वाद. पुस्तक अजून झालेलं नाही. सोबतच्या पानावर खूण आहे. तिथं तू एका ओळीत जे आवरलं आहेस ते सावकाश लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही, ते तुलाच ठाऊक आहे. एवढ्या सगळ्या पानांत मला विश्वंभर ओळखू आला तो त्या ओळीत. बाकी ठिकाणी तू त्याला इतका जपला आहेस की तो दिसत नाही. वर्षश्राद्धाला पुस्तक नाही निघालं तरी तो रागावणार नाही, असं निघालं तर रागावेल. माझ्याबद्दलचं वाक्य काढून टाक. त्याला माझी एकच कथा बरी वाटायची, तीही शेवट सोडून. पण वाचायचा तो सगळ्या. माझं चुकतही असेल. – शिनूकाका.’

‘माझं चुकतही असेल’ हे खोडावं का, याचा मी खूप विचार करतो. मग राहू देतो. तेवढी माझी सावली.

पोस्टासमोरची पेटी दिवसभराच्या उन्हानं तापलेली आहे. पाकीट अर्धं आत गेल्यावर माझी बोटं ते सोडत नाहीत. मागे एक बाई कसलंसं लांबट पाकीट घेऊन उभी आहे. “आजोबा, टाकताय ना?” ती विचारते.

“टाकतो,” मी म्हणतो, आणि टाकतो.