लॅबमधला ‘मी शे ना’

आमच्या जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा हा माणूस मुलांशी अहिराणीत बोलतो आणि साहेबांशी पुस्तकी मराठीत. नवी गाणी फुकटात उतरवून मुलांना वाटणं हा त्याचा छंद. कुणी कचरलं की छातीवर थाप मारून म्हणतो, "काय घाबरस? मी शे ना!" म्हणजे, मी आहे ना!

माझ्या वर्गातली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. धुळ्याच्या एका गायकाचं नवंकोरं गाणं त्याने तिला दिलं आणि तिच्या चॅनलवर टाकायला लावलं. स्वतःच्या नावाने हा कधीच काही टाकत नाही. गायकाने कॉपीराइटची तक्रार केली. का करू नये? त्याच्या घामाचं होतं ते.

पोलीस ठाण्यात मी तिच्यासोबत गेलो. हाही आला आणि हात बांधून म्हणाला, "साहेब, मी सर्व विद्यार्थ्यांना वेळोवेळी सूचना दिलेल्या आहेत."

मी खरं ते सांगितलं, पण चॅनल तिचं, म्हणून गुन्हा तिच्यावर दाखल झाला. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघणारच.

बाहेर पायरीवर मी त्याची कॉलर धरणार, तेवढ्यात तो तिच्याकडे वळून हसला.

"काय घाबरस, ताई? मी शे ना!"