मंचर ते मढ : मासा आणि बटाट्याच्या शोधात

सोमवारी सकाळी माझ्या मोटारसायकलवर आम्ही अवसरी बुद्रुकहून निघालो. मागे माझा मामेभाऊ दिलीप. इंग्लंडच्या उत्तर भागात तो कित्येक वर्षं मासे तळत होता. पिठात बुडवून तळलेला मासा आणि शेजारी बटाट्याच्या जाड फोडी, एवढंच तिथलं ताट. २००२ च्या हिवाळ्यात तो घरी आला तो मंचरला असंच दुकान काढायचं ठरवून. जमलं तर बायको सुनंदाही तिथली नोकरी सोडून येणार. नाहीतर हाच परत जाणार.

वाटेत त्याचं व्याख्यान सुरू होतं. "उत्तरेकडं जनावराच्या चरबीत तळतात, दक्षिणेकडं तेलात. दोघंही एकमेकांना अडाणी समजतात."

"आणि तू कशात तळायचास?"

"दादा, समोर बघून चालव."

मंचरला दुकानासाठी हेरलेल्या गाळ्याचे मालक शेठजी भेटले. घराणं मूळचं राजस्थानी जैन, पण मराठी आमच्याहून शुद्ध. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "दिलीपभाऊ, आमच्या गाळ्यात मासा चालणार नाही."

"मग नुसते बटाटे तळतो."

"जमिनीखालचंही आम्हाला चालत नाही."

चहा मात्र त्यांनी दोनदा पाजला.

घोडेगाव सोडून डिंभे धरणापाशी पोचलो. निळंशार पाणी पाहून दिलीपला भूक लागली. भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांनी हॉटेल भरलं होतं. मालक म्हणाला, "आज सोमवार, पावणं. मासं न्हाई. उपासाचं काप हायेत." शेंगदाण्याच्या तेलातले बटाट्याचे पातळ काप खरोखर खमंग होते. आंबेगाव तालुक्याची पद्धत आम्हाला समजली: बटाटा आहे, मासा नाही.

जुन्नरवरून मढला गेलो. माळशेजच्या रस्त्याला हिराबाईंचं पत्र्याचं हॉटेल होतं. तिथं सोमवार आड आला नाही. हळद-मिरची लावलेली चिलापी (धरणातला चपटा मासा) तव्यावर चुरचुरत होती. दिलीपनं बटाटा मागितला.

"माशासंगं बटाटा? कुनी आजारी हाय का?" हिराबाईंनी विचारलं.

ही जुन्नर तालुक्याची पद्धत: मासा आहे, बटाटा नाही.

दिलीपला राहवेना. मंचरहून घेतलेले बटाटे काढून त्यानं त्यांच्याकडं कढई मागितली. पीठ भिजवलं, मासा तळला, फोडी तळल्या आणि ताट शेजारच्या ट्रकवाल्यापुढं ठेवलं. त्यानं मन लावून खाल्लं.

"भजी लई भारी," तो म्हणाला. "पन राव, आतला मासा काडून देता येईल का?"

सगळे हसले. दिलीप हसला नाही.

"तिकडं खपतं व्हय हे?" हिराबाईंनी हळूच विचारलं.

"दारात रांग लागते, मावशी."

"मंग हितं कशापायी आलास?"

त्यानं हात पुसले. "तिथं मला डेव्ह म्हणतात. दिलीप म्हणून हाक मारणारी एकटी सुनंदा."

हिराबाईंनी भाकरी आणि चिलापी त्याच्यापुढं सरकवली. "बस, दिलीप. जेव."

परतताना मंचरच्या एसटीडी बूथमध्ये तो शिरला. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. "नाही, दुकान इथं चालायचं नाही... नाही, मी परत येत नाही. तूच ये." मग तो नुसताच ऐकत राहिला.

बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा हसरा. "येते म्हणाली. अट एकच. घरात मासे तळायचे नाहीत."

माणूस पोट भरतं तिथंच रमतो, अशी माझी समजूत होती. ज्याचं एकही ताट दोन तालुक्यांत खपलं नाही, तो मागे बसून अवसरीपर्यंत गाणं गुणगुणत होता.