तबकडीवरचा अंगठा

राजरत्न भालेरावला घाणीचं वावडं नव्हतं. अर्धा छंद घाणीतच जायचा. जुनं घड्याळ पाठीमागून उघडलं की झाकणाच्या कडेला दहा-पंधरा वर्षांचा ऐवज सापडायचाच. घाम, तेल, साबण, मनगटाची मेलेली कातडी, सगळं मिळून काळपट लोणी झालेलं. दात कोरायच्या काडीने तो ते खरवडून वर्तमानपत्रावर काढायचा. मग यशोधरा, त्याची बायको, तो कागद चिमटीत धरून आणि तोंड दुसरीकडे फिरवून कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायची.

"लोकांच्या अंगावरचा मळ आहे हो हा. जेवायच्या टेबलावर."

"मळ बरा," तो म्हणायचा. "तो आपोआप साठतो. माणसं मुद्दाम करतात ती घाण वेगळी."

मुद्दाम केलेली घाण म्हणजे कोणी तरी कसंबसं केलेलं काम. त्याची त्याला खरीखुरी शिसारी यायची. अंबरनाथच्या एमआयडीसीत बेअरिंगच्या एका कारखान्यात तो तपासनीस होता, केसाएवढ्या फरकासाठी अख्खी पेटी परत पाठवणारा. बदलापूरला कुळगावातल्या दोन खोल्यांत त्याने तोच कडकपणा छंदात आणला होता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून, मधुदादा घड्याळवाल्याकडून, चावीची जुनी घड्याळं आणायची आणि त्यांचं रूप पालटायचं. पांढरी तबकडी काढून काळी घालायची, एकाचे काटे दुसऱ्याला चढवायचे, सेकंदकाट्याला नारिंगी रंग द्यायचा. कारखान्यातल्या निम्म्या लोकांच्या मनगटावर त्याचं काहीतरी होतं.

काटे बसवणं सगळ्यात नाजूक. सेकंदकाट्याची नळी शेवईच्या टोकाहून बारीक, ती रिफिलच्या रिकाम्या नळीने श्वास रोखून दाबायची. निसटला तर फरशीवर जन्मात सापडत नाही, म्हणून जुन्या चादरीचं एक टोक टेबलाला चिकटवलेलं आणि दुसरं याच्या पँटीत खोचलेलं. पंखा अर्थातच बंद, कारण वाऱ्याने काटा उडतो. मे महिन्यात पंखा बंद करणारा नवरा कोणाला आवडेल? पण २००५ साली रोज दुपारी लोडशेडिंग असायचं. सगळं कुळगाव घामाघूम होऊन चरफडत असायचं तेव्हा हा एकटा सुट्टीच्या दुपारी खिडकीतल्या उजेडात, चादर खोचून, सुखात.

अशाच एका रविवारी सरस्वतीमामी आल्या. अंबरनाथहून, रुमालात बांधलेलं सुदाममामांचं घड्याळ घेऊन. मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या रविवारी स्मृतिदिन. मामींची एकच इच्छा होती: मामांच्या फोटोपुढे त्यांचं घड्याळ चालू असलेलं ठेवायचं. बंद वस्तू फोटोपुढे बरी दिसत नाही, त्या म्हणाल्या, आणि घरात घड्याळातलं कळणारा तूच एक.

त्याला केवढं बरं वाटलं. कारण हे घड्याळ त्याचं पहिलं गिऱ्हाईक होतं. ब्याण्णव-त्र्याण्णवला, आयटीआय करून नुकताच घड्याळं उघडायला शिकला तेव्हा कोणी त्याला हात लावू देईना. मामांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून पुढे केलं होतं. निसटलेला सेकंदकाटा त्याने मामांच्या समोर बसवला होता. हा किस्सा तो बारा वर्षं सांगत होता.

मामी गेल्या. त्याने झाकण उघडलं, मळ खरवडला, मशीन बाहेर काढलं, पालथं केलं आणि भिंग डोळ्याला लावून तबकडीकडे पाहिलं.

"यशो, इकडे ये," तो म्हणाला. "ही काय घाण करून ठेवलीय बघ."

सेकंदकाट्याच्या बुंध्याशी गोंदाचा पिवळट थेंब होता. झटपट चिकटवायचा गोंद, टपरीवर ट्यूब मिळते तो. थेंब नळीतून खाली उतरून मिनिटकाट्यात गेला होता आणि दोघांना एकमेकांत गोठवून बसला होता. काटे सव्वासहाला अडकलेले. गोंदाच्या वाफेने काच आतून पांढुरकी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तबकडीवर, चार आणि पाचच्या मधे, एक अख्खा अंगठा. बोटाचा तेलकट ठसा, त्यावर वाफ बसून पांढराफेक झालेला. रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.

तबकडीला उघडं बोट लावायचं नाही हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. त्याला उलटीच यायची बाकी होती.

"माझ्यानंतर कोणीतरी हात लावलाय," तो म्हणाला. "कसाई. कसाईसुद्धा सुरी पुसतो."

पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना तो त्या अनोळखी माणसाबद्दल बोलायचा. त्याची नखं कशी असतील, तो त्याच हाताने तंबाखू मळत असेल, भेळ खात असेल. भिंगातून त्याला ठशावर एक आडवी चीर दिसली होती, अंगठा कधीतरी कापल्याची. म्हणजे माणूस ओळखता येणार होता. मामी म्हणाल्या होत्या की मामा पट्टा बदलायला कॅम्प दोनला मधुदादांकडे जायचे. झालं. ज्याच्याकडून आपण भिंग घेतलं, सुटे भाग घेतले, त्यानेच मामांचं घड्याळ नासवलं, या विचाराने तर त्याची किळस आणखी चढली.

बुधवारी संध्याकाळी कामावरून सुटून तो थेट कॅम्प दोनला गेला. मधुदादांचं दुकान म्हणजे कापडाच्या दुकानाच्या पायरीला टेकवलेली काचेची पेटी आणि मागे एक स्टूल. साठीचे मधुदादा मान खाली घालून काम करत होते. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. राजरत्नने त्यांच्या देखत मामांच्या घड्याळाची डबी उघडून पेटीवर ठेवली आणि जे काही दोन दिवस जेवताना बोलत होता ते सगळं बोलला. इतकी वर्षं लोक विश्वासाने येतात आणि तुम्ही गोंद लावता. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय म्हणून काहीही खपवता. गिऱ्हाइकांतली एक बाई पुढे केलेलं आपलं घड्याळ गुपचूप मागे घेऊन पर्समध्ये टाकताना त्याला दिसली आणि त्याला समाधान वाटलं.

मधुदादांनी डबी जवळ ओढली, भिंग लावलं, पाहिलं. भिंग काढलं.

"अंगूठे का निशान है," ते म्हणाले.

"त्यावर चीर आहे. कापल्याची. तुमचे अंगठे दाखवा."

म्हाताऱ्याने दोन्ही हात पेटीवर पालथे टाकले, मग उताणे केले. अंगठे तेलाने काळवंडलेले होते, झिजून गुळगुळीत झालेले, पण चीर नव्हती.

"अब तू दिखा, साईं."

राजरत्न हसला. मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून त्याने उजवा हात पुढे केला, कारण सगळे बघत होते. लहानपणी चामटोलीला आजोळी गवत कापताना विळा लागला होता. चार टाके पडले होते. पस्तीस वर्षं तो हा अंगठा वापरत होता, कारखान्यात रोज मापाचं गेज धरत होता, पण कोणाला आपलाच अंगठा दिसतो?

मधुदादांनी त्याचा अंगठा धरला, तबकडीशेजारी नेला आणि मान हलवली. त्या गिऱ्हाइकांना सांगायची गरजच उरली नाही.

"तेरा मामा लाया था मेरे पास," मधुदादा हळू आवाजात म्हणाले. "चौरानबे में. मैंने बोला, आधे घंटे का काम है, साफ कर देता हूँ. बोला, नहीं. मेरे भांजे ने लगाया है, अभी सीख रहा है. एक दिन खुद देखेगा, खुद ठीक करेगा. सिर्फ पट्टा बदल दो."

तेवढ्यात राजरत्नला वास आला. खरा नव्हे, बारा वर्षांपूर्वीचा. डोळ्यांत झोंबणारा गोंदाचा वास. काटा राहीना, मामा समोर चहा पीत होते, आणि हा घाईने ट्यूब दाबत होता. अंगठा चिकटला होता. ओढून काढताना कातडी निघाली होती. आणि काटा फिरायला लागल्यावर त्याने मोठ्या ऐटीत घड्याळ मामांच्या हातात दिलं होतं. चालतंय बघा. हे सगळं तो विसरला होता असंही नाही. त्याने फक्त किस्सा सांगताना तेवढं गाळलं होतं आणि मग गाळलेलंच खरं झालं होतं.

माफी मागायला हवी होती. ती न मागताच त्याने डबी उचलली आणि तो निघाला.

घरी येऊन त्याने हात साबणाने धुतले. मग पुन्हा धुतले. यशोधराने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, पण वाक्यं पुरी करत नव्हता. ती आत जाऊन लग्नाचा अल्बम घेऊन आली. शहाण्णवचं लग्न. मंगलपरिणय भर दुपारी लागला होता, साडेबाराला. एका फोटोत मामा दोघांच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते आणि बाहीतून घड्याळ बाहेर आलं होतं. सव्वासहा.

"दुसरा बघा," यशोधरा म्हणाली. दुसऱ्यात मामा पंगतीत वाढत होते. तिथेही सव्वासहा.

गोंद ही चूक होती, शिकणाऱ्याची. पण प्रत्येक सणाला, प्रत्येक भेटीत तो मामांना विचारत आला होता, "चालतंय ना मामा?" आणि मामा म्हणत, "चालतंय की." केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही त्या मनगटाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. कॅम्प दोनच्या पायरीवर त्याने जी जी घाण दुसऱ्याच्या नावाने ओकली होती ती सगळी आता त्याच्याच ताटात येऊन पडली.

शनिवारी दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. तो चादर खोचून बसला. कपाटाच्या खणात त्याच मॉडेलची एक स्वच्छ तबकडी होती, काटे होते, नवी काच होती. तासाभरात घड्याळ असं झालं असतं की मामींनी कौतुकाने तोंडावर हात ठेवला असता. ठसा कचऱ्यात. गोंद मधुदादांच्या नावावर. त्याने तबकडी पुडीतून काढली, चिमट्यात धरली.

"मग तुमच्यात आणि त्या कसायात फरक काय?" यशोधराने विचारलं. ती दारात टॉवेलने वारा घेत उभी होती. "तो तरी शिकाऊ होता."

त्याने तबकडी पुडीत ठेवली. पँटीतली चादर सोडली आणि तसाच घामेजलेला अंबरनाथला गेला.

मामी तांदूळ निवडत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. मामी निवडत राहिल्या, मग ताटातले हात थांबले.

"मी त्यांना काय काय बोललेय, ठाऊक आहे का तुला?" त्या म्हणाल्या. "हातात घड्याळ आणि रस्त्यात पोरासोरांना वेळ विचारायचे. लोक हसायचे. मी म्हणायची, ते मढं काढून टाका हातातलं, लाज वाटते मला तुमच्याबरोबर चालायची. चारचौघांत म्हणायची. आणि ते काय म्हणायचे? राजा येईल तेव्हा बघेल."

"मामी, मी नवी तबकडी—"

"ठसा पुसायचा नाही. काटा नीट बसव आणि तसंच आण. आणि त्या सिंधी घड्याळवाल्या बाबाला बोलाव उद्या. मी बोलावलंय म्हण."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं ते पाल पाहावी तसं, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

घरी परतण्याआधी तो कॅम्प दोनला गेला. पायरीवर गिऱ्हाइकं होती, म्हणजे एकांतात सांगायची सोय नव्हती. त्याने त्यांच्या देखत सांगितलं की बुधवारी बोललो ते चुकलं, ठसा माझा आहे. मधुदादांनी भिंग न काढताच हात हलवला, सरक, उजेड अडवू नको. उद्याचं निमंत्रण ऐकलं आणि देखता हूँ म्हणाले.

काम त्याने रविवारी सकाळी केलं. तबकडीवर दुधाच्या पिशवीचा तुकडा पसरून काटे उचकटले. नेलपॉलिश काढायच्या औषधात काटे घातले तसा गोंद चिकट शेंबडासारखा सुटायला लागला, आणि तो तोंड न फिरवता काडीने खरवडत राहिला. काच नवी घातली, कारण मामींनी काचेबद्दल काही म्हटलं नव्हतं. पंखा चालू होता तो यशोधराने स्वतःहून बंद केला. तासकाटा, मिनिटकाटा, मग श्वास रोखून सेकंदकाटा. गोंदाशिवाय तो बसवायला त्याला चार सेकंद लागले. चार सेकंदांचं काम होतं ते.

दुपारी मामांच्या फोटोपुढे, मेणबत्त्यांच्या शेजारी, घड्याळ टिकटिकत होतं. मामींनी राजरत्नला मुद्दाम फोटोच्या बाजूलाच बसवलं होतं, पहिल्या ओळीत. वंदना झाली, लोक फुलं वाहायला एकेक करून पुढे आले आणि नव्या स्वच्छ काचेतून तो ठसा सगळ्यांना दिसायला लागला.

"अरे वा, चालू केलं. पण हा अंगठा कोणाचा?"

"माझा."

"छान झालंय हो. हे पांढरं काय, ठसा आहे का? कोणी केली ही घाण?"

"मी."

दहा-बारा जणांना सांगून झालं. जीभ सैल पडेल, सवय होईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही, प्रत्येक वेळी घशात तोच गोंदाचा वास यायचा. मामी पलीकडे बसून ऐकत होत्या. एकदाही त्यांनी मधे पडून सोडवलं नाही.

सगळ्यात शेवटी मधुदादा आले, इस्त्रीचा सदरा घालून. फूल वाहिलं, हात जोडले. मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खाली वाकून काटा बराच वेळ फिरू दिला. काटा बरोबर होता. ते सरळ झाले, भिंग पुसलं आणि खोलीत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काम अच्छा है. अंगूठा किसका है, भाई?"